कुलूपबंद खोलीतला दिवा

धुळ्यात मला खोली देताना अक्कांनी तीन अटी घातल्या. एकेक बोट दुमडत, अहिराणीत. "भिंतले खिळा ठोकाना नही. बोर्डले हात लावाना नही. आनि कोनी पाव्हना येवाना नही." पाव्हणा म्हणजे पुरुष, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी मान हलवली. त्याआधी चार घरमालकांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. पंचवीस वर्षांची, लग्न न झालेली, नोकरी करणारी आणि तीही गावोगाव फिरायची. अशा बाईला खोली देताना लोक दहा वेळा विचार करायचे.

नव्वदीची सुरुवात होती. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. घर फैजपूरकडचं, केळीवाल्यांचं. घरात मुलीने नोकरी केल्याचा अनुभव नव्हता, त्यामुळे तिथेही थोडा संशय होताच. माझ्याकडे सोनगीर आणि आसपासची गावं होती. सकाळी साडेआठला निघायचं, अंगणवाड्या बघायच्या, गरोदर बायांना भेटायचं, त्यांना लोहाच्या गोळ्या घ्या, दुपारी दोन तास डाव्या कुशीवर पडा, असं सांगायचं, रजिस्टरं तपासायची आणि संध्याकाळची बस पकडून परत यायचं. घरी पोचेपर्यंत आठ वाजायचे.

अक्का विधवा होत्या. मुलगा एका आडत दुकानात हिशेब लिहायला होता. त्याचं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. सून दोंडाईच्याकडची, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. ही तिघं पुढच्या तीन खोल्यांत राहायची. माझी खोली बाजूची, तिचं दार गल्लीत उघडायचं. मधल्या भिंतीत एक दार होतं. त्यांच्या बाजूने कडी, माझ्या बाजूनेही कडी. माझ्या बाजूच्या कडीचं लाकूड किडलेलं होतं, स्क्रू नुसते टेकलेले. पलीकडून दार जरा जोरात हलवलं की कडी खाली पडायची. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण नवी कडी बसवायची तर ठोकाठोक आली, आणि ठोकायचं म्हणजे अक्कांना सांगायचं आलं. काय सांगणार? तुमच्या बाजूने कोणी येऊ नये म्हणून कडी बसवते? मी दाराला माझी पत्र्याची पेटी टेकवून ठेवली.

दिवाळीला दोनेक महिने असतील, पलीकडच्या गल्लीत दोन बंद घरं फुटली. चोरांनी कुलूप बघून, अंधार बघून घरं निवडली होती, असं सगळे बोलत होते. समोरचे टेलर, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, दिवसभर मशीनवर बसून गल्ली न्याहाळायचे. ते मला म्हणाले, "ताई, तुमची खोली रोज संध्याकाळी काळीकुट्ट असते. लांबून कळतं की कोणी नाही." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं असेल. पण माझ्या मनात आलं, ह्यांना रोज काय गरज माझ्या खिडकीकडे बघायची?

त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ आला. केळीचे दोन फणे, भुईमुगाच्या शेंगा आणि आईचा निरोप घेऊन. मी त्याला चोरीचं सांगितलं. बल्ब दिवसभर चालू ठेवून जावं का, असं विचारलं. मीटर अक्कांच्या पडवीत होतं. त्या ओसरीवर बसून मीटरची चकती फिरताना बघायच्या, हेही सांगितलं.

भाऊ हसला. "अवं, शेतात मोटर आपोआप चालू होते, तं तुहा दिवा काऊन नही होनार?"

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरींना तेव्हा ऑटो लावायला लागले होते. लाईट कधी येईल त्याचा नेम नसे. शेतकरी घरी असला तरी लाईट आली की मोटर आपली आपण सुरू व्हायची आणि केळीला पाणी जायचं. भावाला त्या ऑटोचं वेड होतं. दुसऱ्याच्या मळ्यातलंही स्टार्टर उघडून बघायचा.

"पण बोर्डाला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"कोन लावते हात?"

तो बाजारात गेला आणि तासाभराने पिशवी घेऊन आला. एक फळी, एक काळं बटण, वायर, होल्डर आणि जुन्या बाजारातलं चावीचं अलार्मचं घड्याळ. जमिनीवर बसून त्याने सगळं त्या फळीवर बसवलं. घड्याळाच्या पाठीला दोन चाव्या असतात, एक वेळेची, एक घंटीची. घंटी वाजू लागली की घंटीची चावी उलटी फिरते. भावाने त्या चावीला दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक बटणाला. घंटी वाजली, चावी फिरली, दोरा गुंडाळत गेला आणि बटण खटकन खाली ओढलं गेलं. बल्ब लागला. घंटीवर त्याने जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली, म्हणून आवाज नुसता घरघर असा यायचा. सगळी फळी स्टुलावर ठेवायची, पिन प्लगमध्ये खोचायची, एवढंच. भिंतीला ओरखडा नाही, बोर्डाला स्क्रू-ड्रायव्हर नाही.

"खोली सोडशीन तव्हा उचलून घिऊन जायजो," भाऊ म्हणाला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "आनि कोनाले सांगू नको. सांगितलं तं मंग चोरालेबी समजते."

मी कोणाला सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पहिल्या दिवशी सकाळी मी घंटीची चावी भरली, काटा सातवर लावला आणि गेले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले आणि माझ्या खिडकीत उजेड दिसला. मलाच धडकी भरली. दिवा मीच लावून ठेवला होता, हे डोक्याला ठाऊक होतं, पाय मात्र थांबले. आत कोण आहे? मी कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं. घड्याळ टिकटिक करत होतं. मी एकटीच हसले, चहा टाकला. त्या दिवसापासून घरी येणं सोपं झालं. काळ्या खोलीत चाचपडत बटण शोधायचं, तेवढ्यात कोपऱ्यात कोणी आहे का म्हणून कानोसा घ्यायचा, हे संपलं.

पण पंधरवड्यात दुसरंच सुरू झालं.

आधी चादर. मी सकाळी खाटेवरची चादर ताणून, कोपरे खोचून जायची. हॉस्टेलमध्ये लागलेली सवय. परत आले तर चादर ताणलेली असे, कोपरे खोचलेले नसत. मग उशी. मग पेटी. दाराला टेकवलेली पेटी बोटभर सरकलेली, कडी खाली पडलेली. काहीही चोरीला गेलेलं नव्हतं. पेटीत माझ्या दोन बांगड्या आणि पगाराचे पैसे होते, त्यांना कोणी शिवलेलं नव्हतं. हे मला चोरीपेक्षा वाईट वाटलं. चोर चोरी करून जातो. हे कोण होतं, जे येऊन नुसतं बघून जात होतं?

माझ्या मते उत्तर उघड होतं. अक्का. त्यांना बघायचं होतं की माझ्या खोलीत पाव्हण्याच्या खुणा आहेत का. विडीचं थोटूक, पुरुषाचा रुमाल. मी त्यांच्याशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघू लागले. त्याही माझ्या डोळ्यांत बघत. आम्ही दोघी एकमेकींना "जेवण झालं का" विचारत होतो आणि दोघींच्याही मनात दुसरंच होतं.

एकदा नळावर त्यांनी विचारलं, "तू रोज कितला वाजाले घर येस?"

"आठ वाजतात, अक्का."

"आठ?" त्या एवढंच म्हणाल्या आणि हंडा कमरेवर घेऊन आत गेल्या. त्यांना आठ ह्या उत्तरात काय खटकलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग नवरात्र आलं. पाचवी की सहावी माळ असेल. बसमधून उतरून मी गल्लीत वळले तर माझ्या दारासमोर आठ-दहा माणसं. मास्तर मशीन सोडून रस्त्यावर आलेले. अक्का पुढे, हातात पूजेचं ताट तसंच. त्या देवीच्या आरतीहून परत येत असताना मास्तरांनी त्यांना अडवलं होतं. खिडकीत दिवा जळत होता.

"उनी," मला येताना बघून अक्का म्हणाल्या. "आते सांग. तुन्या खोलीमा रोज सात वाजाले दिवा लागस. तू तं आठ वाजाले येस. मंग दिवा कोन लावस?"

मी म्हणाले, "अक्का, ते घड्याळ आहे."

"घड्याय दिवा लावस?"

गर्दीत कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. "ताई, घड्याळ असेल. पण मी आज स्वतः बघितलं. दिवा लागला आणि आत कोणीतरी हललं. पडद्यावर सावली पडली. कुलूप बाहेरून आहे, आणि आत माणूस आहे."

दिव्याचं मला माहीत होतं. सावलीचं नव्हतं.

"कुलूप उघड," अक्का म्हणाल्या.

मी उघडलं. आधी अक्का आत गेल्या, मग मास्तर, मग बाकीचे उंबऱ्यापर्यंत. खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं. कोणी नव्हतं. मी स्टूल दाखवलं. चावी भरून, काटा फिरवून, सगळ्यांसमोर घंटी वाजवली. घरघर झाली, दोरा ताणला गेला, बटण खाली आलं. लोकांनी "अरे वा" केलं. एकाने तर कुठे मिळतं विचारलं. मास्तर मात्र खिडकीच्या पडद्यापाशी उभे राहून आपली सावली कुठे पडते ते बघत होते. मला तेव्हा दिसलं की पेटी चांगली हातभर सरकलेली आहे. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. का उभी राहिले? अक्का आत येतात हे चारचौघांत उघडं पाडायची हीच वेळ होती. पण त्या तर देवळात होत्या.

गर्दी पांगल्यावर अक्का थांबल्या. फळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई माले का सांगं नही?"

"बोर्डाला हात लावलेला नाही, अक्का."

"माले का सांगं नही, हाई इचारस मी. चोरले फसाडाना व्हता ना? मंग माले का फसाडं? म्हन्जे तुना संशय मन्हावरच व्हता."

खोटं बोलायला हवं होतं, ते जमलं नाही. अक्कांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "वायर तापी, घर पेटी जाई. काढी टाक हाई." मी त्यांच्या देखत पिन उपसली आणि फळी खाटेखाली सारली.

त्या रात्री झोप लागेना. अक्का देवळात असताना आत हललं ते कोण? पलीकडच्या तीन खोल्यांत अक्का सोडून दोनच माणसं. सुनेला मी धरलंच नाही. ती इतकी गप्प असायची की मी तिला माणसांत मोजायची विसरून जायची. राहिला मुलगा. तिशीचा, माझ्याशी कधी वर मान करून न बोलणारा. दुपारी दीड-दोनच्या सुमारास तो जेवायला घरी येतो हे मला ठाऊक होतं. माझ्या खाटेवर तो माणूस येऊन बसतो?

कोणाला सांगणार? भावाला पत्र टाकलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी येऊन मला सामानासकट उचलून घेऊन गेला असता, आणि नोकरीही तिथेच संपली असती. मला आधी नक्की करायचं होतं.

अक्कांच्या विजेला हात न लावता करायचं होतं. माझ्याकडे एका सेलवर चालणारं टेबल घड्याळ होतं, ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेलं. मी त्याचा सेल बाहेर काढला आणि दोन वायरी लावून लांब घेतला. चहाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण कातरून दोन पट्ट्या केल्या आणि एक वायर मधेच तोडून तिची टोकं त्यांना बांधली. एक कणकेच्या खळीने मधल्या दाराला चिकटवली, दुसरी चौकटीला नुसती अडकवली, पेटीच्या आड, खाली. दोन्ही पट्ट्या टेकलेल्या असल्या की घड्याळ चालू. दार हललं की चौकटीची पट्टी सुटून खाली लोंबायची, घड्याळ बंद पडायचं आणि दार परत लावलं तरी सुरू व्हायचं नाही. भावाने केलं असतं तर सुबक केलं असतं. माझं ओबडधोबड होतं, पण चाललं. घड्याळ कपाटावर ठेवलं आणि गेले.

संध्याकाळी आले. घड्याळ दोन वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन-वीस. मी मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का दुपारी घरी असतात ना?"

"दोन ते चार शेजारच्या गल्लीत पोथी ऐकायला जातात," मास्तर म्हणाले. मग मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं. "का हो ताई?"

"काही नाही, गॅसवाल्याला निरोप द्यायचा होता," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सोनगीरहून एकची बस धरली. अडीचला गल्लीत आले. मास्तरांच्या मशीनवर झाकण होतं, जेवायला गेले असावेत. मला बरं वाटलं. हातात छत्री होती, तिची मूठ उलटी धरली. कुलूप आवाज न करता उघडलं, दार लोटलं.

माझ्या खाटेवर अक्कांची सून झोपली होती.

डाव्या कुशीवर. पाय पोटाशी घेतलेले, पदर तोंडावर. पंखा अगदी हळू. माझी चाहूल लागली तशी ती धडपडून उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी छत्री खाली ठेवली.

"ताई, मी काही घेतलं नाही," ती म्हणाली. शाळा नववीपर्यंत शिकलेली, माझ्याशी बोलताना अहिराणी टाळायची. "शपथ घेते. मी फक्त झोपते."

"झोपतेस?"

"झोप येते हो ताई. सारखी येते. उभ्या उभ्या येते."

मी तिच्याकडे नीट बघितलं. रोज गावोगाव हेच बघायचं माझं काम होतं, आणि भिंतीपलीकडची बाई मला दिसली नव्हती. "कितवा महिना?"

तिने तीन बोटं दाखवली. आधीचं एक अडीच महिन्यांत पडलं होतं. तेव्हा सासूने सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, म्हणून नजर लागली, असं तिच्या आईचं म्हणणं. म्हणून ह्या वेळी आईने बजावलं होतं, चौथा लागेपर्यंत नवऱ्यालाही बोलू नको. आणि बोलायचं नाही म्हणजे दुपारी आडवंही व्हायचं नाही. सासूच्या घरात सून दुपारी झोपलेली कोणी बघितली नव्हती. अक्का पोथीला गेल्या आणि नवरा जेवून परत गेला की ती दार हलवून माझ्याकडे यायची. तिच्या खोल्यांना कड्या नव्हत्या, पडदे होते. कोणीही, कधीही आत यायचं.

"आणि त्या दिवशी संध्याकाळी?"

"अक्का आरतीला गेल्या होत्या. पाच मिनिटं पडते म्हटलं, डोळा लागला. काहीतरी घरघरलं आणि एकदम दिवा लागला. कोणी लावला? कोणीच नव्हतं. मला वाटलं, मला पकडायलाच तुम्ही ते लावून ठेवलंय. मी पळाले. दाराच्या पलीकडे तोंडात पदर कोंबून उभी होते, तुम्ही सगळे आत आलात तेव्हा." मग तिने विचारलं, "तुम्ही सांगणार ना अक्कांना?"

"नाही."

माझ्या "नाही"चं काय करावं, हे तिला समजत नव्हतं.

मी तिला खाटेखालचं अलार्मचं घड्याळ काढून दिलं. दोरा सोडला, चिंधी तशीच ठेवली. साडेतीनचा काटा कसा लावायचा ते दाखवलं, म्हणजे अक्का यायच्या आत जाग येईल. पत्र्याच्या पट्ट्या काढून टाकल्या. पेटी दारापासून हलवली. त्यानंतर दोनेक आठवडे मी घरी यायची तेव्हा चादरीचे कोपरे माझ्यासारखेच खोचलेले असत. ती बघून शिकली होती.

सगळं बरं चाललं होतं असं मी म्हणेन, पण खरं सांगायचं तर मी निश्चिंत नव्हते. तिला काही झालं तर? माझ्या खाटेवर झालं तर? माझ्या खोलीत काहीतरी चालतं हा अक्कांचा संशय खोटा होता, तो आता खरा झाला होता. दोनदा मी ओसरीपर्यंत जाऊन आले. अक्कांना सांगावं, गोडीने सांगावं, की पोरीला दुपारी पडू द्या. एकदा तर "अक्का, जरा बोलायचं होतं" इथपर्यंत बोलले. आतून सून दाराशी आली, तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नळाचं वायसर गेलंय."

चार दिवसांनी अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. सगळं त्यांना कळलं होतं. घड्याळ, कडी, दुपारची झोप, तिसरा महिना, सगळं. मी समजावू लागले, डॉक्टर काय सांगतात, सरकार काय सांगतं. त्यांनी हात वर केला.

"मनी सून शे ती. तिले कव्हय झोपानं, कव्हय उठानं, ते मी सांगसू. बठ्ठं तुले मालूम, आनि माले काहीच नही? मन्हाच घरमा?" मला वाटत होतं त्या चिडल्या आहेत. पण त्यांचे डोळे भरले होते. "खोली खाली कर."

महिन्याच्या शेवटी मी सामान हलवलं. फळी, बटण, बल्ब, सगळं एका पिशवीत मावलं. खोली सोडताना भिंती होत्या तशाच होत्या, तेवढं अक्कांनी फिरून तपासलं. सून दिसली नाही. माझ्या मनात एकच होतं, मास्तरांनी सांगितलं. त्यांनीच मला त्या दुपारी बघितलं असणार. टेम्पोत बसताना ते "ताई, जपून" म्हणाले, तर मी उत्तरही दिलं नाही.

पुढे वर्षा-दीड वर्षाने माझी जळगावला बदली व्हायच्या आधी, कामासाठी दोंडाईच्याला गेले होते. स्टेशनबाहेर टांगे उभे राहायचे तिथे अक्कांची सून दिसली. कडेवर मुलगी, चांगली गुटगुटीत. सोबत तिची आई. मला बघून ती आधी दचकली, मग स्वतःच पुढे आली. मी मुलीचा हात धरला, वजन विचारलं, लस विचारली. सवयच तशी.

"अक्कांनी नंतर झोपू दिलं?" मी विचारलं.

"हो. स्वतः गादी टाकून द्यायच्या." "ताई, अक्कांना मीच सांगितलं होतं."

"तू?"

"तुम्ही त्या दिवशी ओसरीवर आलात ना, अक्का बोलायचंय म्हणून. मला वाटलं, आज नाही तर उद्या तुम्ही सांगणार. तुमच्या तोंडून कळलं असतं तर मला घरात ठेवलं नसतं. म्हणून मी आधी सांगितलं. तुम्हीच मला झोपायला बोलावलं, असं सांगितलं त्यांना." शेवटचं वाक्य तिने खाली बघून म्हटलं.

मी तिला म्हणाले नाही की मी सांगणारच नव्हते. कारण ते खरं नव्हतं. सांगायलाच तर गेले होते.

"मास्तर कसे आहेत?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात दुकान उचललं. मुलाकडे गेले, सुरतला."

तिची आई टांगा ठरवून हाक मारत होती. तिने मुलीचा हात धरून मला टाटा करायला लावलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती, हात काही हलवेना.